रोहिदासबाबांचा कॅन्सल झालेला स्कोअर

रोहिदासबाब,

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले, आणि डिचोलीच्या बाजारात लोक अजून मला थांबवून तुमचे मार्क विचारतायत. काल भाजीवालीने मुळ्याची जुडी माझ्या हातात ठेवता ठेवता विचारलं, "टीचर, काट्यावयल्या रोहिदासबाबांक त्या अमेरिकेच्या परीक्षेत कितले पडले?" मी म्हटलं, "बरे पडले." दुसरं काय सांगू? खरं सांगायचं तर आधी ती परीक्षा समजावून सांगावी लागेल, मग तुम्हाला समजावून सांगावं लागेल, आणि तोवर मुळा सुकून जाईल.

तुम्ही माझ्या क्लासात आलात ते शिकायला नव्हेच. नाव होतं तुमच्या मुलाचं, मंदारचं. परदेशात एम.एस. करायला जाणार म्हणून प्रवेशपरीक्षेच्या तयारीला आला, दोन आठवडे व्हर्बल आणि क्वांट ह्या दोन्ही विभागांकडे समान दुःखी नजरेने बघत बसला, आणि एक दिवस क्रूझच्या बोटीवर किचनात नोकरी धरून निघून गेला. तो येणार नाही एवढा निरोप द्यायला तुम्ही जिना चढून वर आलात. क्लास चालू होता. मध्येच बोलणं बरं दिसत नाही म्हणून मागच्या रिकाम्या खुर्चीवर बसलात, मांडीवर छत्री ठेवून.

फळ्यावर गणित होतं. एक मशीन सहा तासांत वॅगन भरतं, दुसरं तीन तासांत. दोन्ही मिळून किती वेळात भरतील? मुलांनी दोन तास असं उत्तर काढलं, मी शाबास म्हटलं, आणि मागून छत्री वर झाली.

"टीचर, एक विचारू? दोन्ही लोडर एकाच वॅगनला लावले?"

"हो."

"मग दोन तास नाही. पाच तास लागणार."

"कसे?"

"पहिला अर्धा तास कोणी आधी भरायचं ह्यावर जाईल. मग एकाचं डिझेल संपेल. मग दुसरा म्हणेल, तो बसलाय तर मीच का भरू? मी एकतीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होतो. दोघे मिळून लवकर झालेलं एकही काम मी बघितलेलं नाही."

मुलं इतकी हसली की त्या दिवशी पुढचं काही झालं नाही. निरोप द्यायचा तुम्ही विसरलात. दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना परत आलात आणि दारातूनच विचारलंत, "मंदारची कदेल रिकामी आहे ना?"

तेव्हा मला वाटलं, आठ दिवस बसतील आणि कंटाळतील. तुम्ही एकसष्ट वर्षांचे, शिक्षण मराठीतून, इंग्रजी म्हणजे ट्रकांच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं तेवढं. पण क्वांटमध्ये तुम्ही मुलांना पहिल्याच महिन्यात मागे टाकलंत. भरलेल्या टिपरच्या टायरांकडे बघून आत किती टन आहे ते सांगणारा माणूस, त्याला टक्केवारी आणि सरासरी कोण शिकवणार? मुलं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तुम्ही उत्तर सांगून पंख्याखाली डोळे मिटून बसायचात. त्यातही तुमचा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे दोन राशींची तुलना. कुठली मोठी, कुठली लहान, की दोन्ही सारख्या, आणि चौथा पर्याय: दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. ह्या चौथ्या पर्यायावर तुम्ही फिदा होतात. "एकतीस वर्षांत साहेबाने मला हा पर्याय कधी दिला नाही, टीचर," म्हणायचात. मग तो घरीही वापरायला लागलात. काकींनी विचारलं जेवायला किती वाजता येणार, तर माहिती अपुरी. सुका बांगडा आवडला की नाही, तर माहिती अपुरी. तिसऱ्या दिवशी काकींनी ताटात नुसती पेज वाढली आणि तुलना संपली.

व्हर्बलचं मात्र अवघड होतं. हजार-बाराशे शब्द पाठ करायचे, आणि तेही असे की ज्यांची इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ओळख नसावी. मी मुलांना मुळं सांगायचे, लॅटिन, ग्रीक. तुम्ही म्हणालात, लॅटिन आपल्याकडे कोण बोलतो? आणि तुमची स्वतःची पद्धत काढलीत. एक जुनं रजिस्टर आणलंत, त्यात प्रत्येक शब्द देवनागरीत लिहायचा आणि समोर एक ओळखीचा माणूस. लॅकॉनिक म्हणजे तुमच्याकडचा पोदेर, जो सकाळी पावाची सायकल घेऊन येतो आणि जे काय सांगायचं ते भोंप्यानेच सांगतो. एफेमरल, दोन दिवस टिकणारं, म्हणजे तुमच्या सुर्ल्याच्या रस्त्यावरचं डांबर. मॅग्नॅनिमस, म्हणजे मोठ्या मनाचा, ह्या शब्दासाठी अख्ख्या तालुक्यात तुम्हाला चार दिवस माणूस सापडला नाही. शेवटी तिथे शेजाऱ्यांची म्हैस लिहिलीत: दूध भरपूर, लाथ नाही.

आणि गॅर्युलस, म्हणजे अखंड बडबड करणारा, ह्याच्यासमोर काकींचं नाव.

ते काकींनी बघितलं. "हें गॅर्युलस म्हणजे कितें?" तुम्ही म्हणालात, "सुंदर." एवढ्यावर भागलं असतं, पण काकी दुसऱ्या दिवशी देवळात बायकांना सांगून आल्या की आमचे हे या वयात मला गॅर्युलस म्हणतात. पुढच्या आठवड्यात मला बाजारात भेटल्या आणि हळूच विचारलं, "टीचर, खरंच तसा अर्थ होतो?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भेंडी निवडत होता, एकेक, उन्हात धरून. मी म्हटलं, "हो काकी, तसाच काहीसा." त्या पापात माझा अर्धा वाटा आहे. आता तो पूर्ण माझ्याकडे आला, आणि खरा अर्थ सांगायचं धाडस मला होणार नाही.

मग तुम्ही माझी चौकट बघितलीत.

क्लासच्या भिंतीवर मी माझा स्वतःचा स्कोअर फ्रेम करून लावलाय. पालक बघतात, प्रभावित होतात, मुलांना घालतात. तेवढ्यासाठीच तो आहे. इतक्या वर्षांत कोणी वरच्या मोठ्या आकड्यांखाली काही वाचलं नव्हतं. तुम्ही चष्मा काढून, पुसून, परत लावून खालच्या बारीक अक्षरांपासून सुरुवात केलीत.

"टीचर, ह्याची मुदत संपलीय."

"हो. पाच वर्षांनी संपते."

"बिस्किटासारखी?"

"तशीच."

"म्हणजे तुम्हाला येतं ते पण संपतं?"

मुलं गेली होती, म्हणून मी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मला प्रवेशाचं पत्र आलं होतं. आठवडाभरात आमच्या गावी, पार्श्याला, बाबांना अर्धांगवायू होऊन उजवी बाजू गेली. घरी आम्ही दोघंच. मी राहिले. मग ज्यांना जायचं आहे त्यांना शिकवायला लागले.

"आता कसे आहेत ते?"

"काठी घेऊन बागेत फिरतात. काजूचे गडी त्यांना घाबरून असतात."

"मग?" तुम्ही म्हणालात.

त्या "मग"वर मी फळा पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

आपलं खरं भांडण झालं ते पावसाळा सरताना, एका उताऱ्यावरून. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या खाणगावाचा उतारा. खाण बंद पडली, आणि लेखकाने लिहिलं होतं की गावाने ते निमूटपणे स्वीकारलं. प्रश्न होता, गावकऱ्यांची वृत्ती कशी होती? उत्तर सरळ होतं, पहिला पर्याय, शरणागतीची. मुलांनी टिक केली. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत.

"ह्यातलं एकही बरोबर नाही."

"रोहिदासबाब, उताऱ्यात लिहिलंय."

"लिहिणारा तिथे होता?"

"ते महत्त्वाचं नाही. उताऱ्यात आहे तेवढंच बघायचं. तुमचं आयुष्य बाजूला ठेवून उत्तर द्यायचं."

"माझं आयुष्य मी कुठे ठेवू, टीचर? बाहेर, चपलांबरोबर?"

एरवी तुम्ही माझ्याशी ठेवणीतलं मराठी बोलायचात. त्या दिवशी तेही सुटलं. "हें म्हाका पटना," म्हणालात, आणि उभ्या उभ्या सांगितलंत. खाण बंद झाल्यावर नऊ महिने तुम्ही रोज सकाळी आठला डबा घेऊन काट्यावर जात होता. ट्रक नाही, पगार नाही, वॉचमनसुद्धा नाही. तुम्ही काट्याची फळी झाडायचात, तेल घालायचात, स्वतः वर उभे राहून वजन बरोबर दाखवतो का बघायचात आणि संध्याकाळी घरी यायचात. दहाव्या महिन्यात काटाच उचलून नेला. "ह्याला निमूट म्हणतात?"

ह्यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. तेव्हा मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "परीक्षा भावनेवर चालत नाही. एक मार्क गेला तुमचा."

"जाऊ दे," तुम्ही म्हणालात आणि छत्री घेऊन उतरलात.

दहा दिवस तुम्ही आला नाहीत. मुलांनी मला दोष दिला, थेट नाही, पण नऊला पाच कमी असताना सगळी दाराकडे बघायची आणि मग माझ्याकडे. अकराव्या दिवशी मी स्कूटर काढून सुर्ल्याला आले. काकी अंगणातच होत्या. "टीचर, ह्यांना घेऊन जावा," त्या हात जोडून म्हणाल्या. "दीसभर म्हाका उतारे वाचून दाखयतात. आणि वर विचारतात, लेखकाचा सूर कसा आहे? म्हाका कितें खबर त्याचा सूर!"

तुम्ही आत मेजाशी बसला होता, समोर सहा उतारे. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तुम्ही हात वर केलात.

"मी येतो. उताऱ्याचं म्हणणं उताऱ्यापाशी, टिक करतो. पण एक अट. परीक्षेला मी नाव घालणार. तुम्ही पण घालायचं."

"मी कशाला?"

"मुदत संपलेला माल दाखवून क्लास चालवताय. काट्यावर असं चाललं नसतं. दर वर्षी काटा तपासून शिक्का घ्यावा लागायचा."

"आणि स्कोअर आला तर? बाबांना कोण बघणार?"

"बाबांना विचारलंत कधी?"

"हा तुमचा विषय नाही, रोहिदासबाब."

"नाही," तुम्ही शांतपणे म्हणालात. "माझा विषय क्वांट."

मी रागाने परत आले आणि रागातच दोन फॉर्म भरले. तुमच्याकडे पासपोर्ट निघाला, मंदारने कधीतरी बोट दाखवायला बोलवावं म्हणून काढून ठेवलेला. परीक्षा घरी बसून देता येत होती. एक माणूस दुरून कॅमेऱ्यातून पहारा देतो, खोलीत दुसरं कोणी चालत नाही. माझी सोमवारी झाली. तुमची बुधवारी.

त्या बुधवारी मी तुमच्या दारापुढच्या बाल्कांवात बाकावर बसले होते. खोलीच्या दाराबाहेर काकी कदेल टाकून बसल्या होत्या, हातात नारळ खवायची अडोळी घेतल्यासारखा चेहरा करून. मासळीवालीला त्यांनी खुणेने परत पाठवलं, पंचाला खुणेने परत पाठवलं. आतून तुमचा आवाज येत होता. पहाऱ्यावरच्या माणसाने लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली. तुम्ही चारी भिंती दाखवल्यात, छप्पर दाखवलंत, देवाचं कॅलेंडर दाखवलंत. मग त्याने मेजाखाली दाखवायला सांगितलं, आणि तुम्ही लॅपटॉप खाली वळवलात.

"देअर इज समवन," तिकडून आवाज आला.

"येस सर," तुम्ही म्हणालात. "हेन. सिटिंग ऑन एग्ज. नॉट एज्युकेटेड."

कोंबडीला टोपलीसकट बाहेर आणलं गेलं. काकींनी ती मांडीवर घेतली. दोन तास आम्ही तिघी श्वास रोखून बसलो.

तुम्ही बाहेर आलात ते घामाने भिजलेले आणि इतके खूश, की मला वाटलं, चला, जिंकलो. "गणितं सगळी झाली. शब्दही बरे होते, म्हैस आली होती. फक्त शेवटी एक अडचण आली, ती मी सोडवली."

"कसली अडचण?"

"सगळं झाल्यावर विचारलं, रिपोर्ट करायचं की कॅन्सल. मी म्हटलं, तो माणूस बिचारा इतका सभ्य. कोंबडी निघाली तरी आवाज चढवला नाही. त्याची रिपोर्ट कशाला करायची? एकतीस वर्षांत मी एकाही ड्रायव्हरची रिपोर्ट केली नाही. कॅन्सल केलं."

मी पायरीवर बसले. कोंबडी काकींच्या मांडीवरून उतरून आत निघून गेली.

मी तुम्हाला समजावून सांगितलं. रिपोर्ट म्हणजे तक्रार नव्हे. रिपोर्ट म्हणजे तुमचे मार्क कळवा. तुम्ही तुमचे मार्क रद्द केलेत. शब्द शिकवायचा धंदा माझा. सहा महिन्यांत तुम्हाला इक्विव्होकल शिकवलं, पर्स्पिकेशस शिकवलं, आणि रिपोर्ट शिकवायचं राहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग काकींकडे, आणि हसायला लागलात. खांबाला धरून हसलात. शेवटी मीही हसले, आणि मग मला रडू आलं, आणि काकींनी दोघांना पाणी दिलं.

मार्क परत मिळवता येतात, दोन महिन्यांच्या आत अर्ज केला तर. मी रोज विचारायचे, करू अर्ज? तुम्ही रोज टाळायचात. आज अमावास्या आहे. आज मंदारचा फोन यायचाय. आज माझं मन नाही. क्लासला मात्र नऊला पाच कमी असताना हजर. परीक्षा होऊन गेलेला माणूस पुढच्या परीक्षेच्या मुलांबरोबर बसून त्रैराशिकं करतोय. आणि बाहेर? मंदारला फोनवर सांगितलंत, "तुझ्यापेक्षा जास्त पडले." पोराने परीक्षा दिलेलीच नाही, त्यामुळे हे अगदी खोटंही नव्हतं. बाजारात सांगितलंत, "कळवायची परवानगी नाही." शेवटी मी चिडून म्हटलं, तुम्हाला कमी पडल्याची भीती वाटतेय. ते आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या सकाळी तुम्ही पावाची पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर आलात, पायरीवर टेकलात, आणि पोदेराने भोंपू वाजवला तरी उठला नाहीत.

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. मला तुमचा राग आला, रोहिदासबाब. सगळे रडत होते आणि मी मनात तुमच्याशी भांडत होते, की नऊ दिवस होते, एक सही, एवढंही तुमच्याने झालं नाही.

बाराव्याला मी स्वयंपाकघरात काकींना पानं पुसून देत होते. त्यांनी अचानक विचारलं, "अर्ज केलोच ना मगो त्यांनी?"

"नाही, काकी. मी फार मागे लागले होते. कमी पडले असतील असं वाटत होतं त्यांना."

"कमी न्हय." काकींनी पान माझ्या हातातून घेतलं. "मी पण विचारलं होतं. म्हणाले, मार्क हातांत आयले की क्लास सोंपलो. मागीर सकाळीं वचपाचें खंय?"

मग त्या भाताकडे वळल्या. मी पानं पुसत राहिले, एकच पान बराच वेळ. सकाळी जायला जागा हवी म्हणून काट्यावर नऊ महिने डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला मी सांगत होते की तू भितोस. आणि तुम्ही ऐकून घेतलंत. ती माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आता माझ्याबद्दल. माझे मार्क आले, चांगले आले. चौकटीतला जुना कागद काढला. नव्या मार्कांवर विद्यापीठांना अर्ज करायला तुम्ही लावलंत, मुलांसमोर रोज "टीचर, फॉर्म?" असं विचारून, एखाद्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी मागावी तसं. केले. परवा एक पत्र आलं. प्रवेश दिलाय, निम्म्याहून जास्त खर्च तेच उचलणार आहेत.

दोन दिवस मी पत्र फोनमध्ये ठेवून हिंडले. बाबांचं जेवण, बाबांच्या गोळ्या, बाबांचा व्यायाम, सगळं नेहमीपेक्षा नीट केलं. आज सकाळी ते बाल्कांवात चहा पीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "बाबा, मला अमेरिकेत शिकायला बोलावलंय. दोन वर्षांसाठी. मी गेले तर चालेल?"

त्यांनी कप डाव्या हाताने खाली ठेवला. बराच वेळ लागला. मला वाटलं शब्द जुळत नाहीत, अजून कधीकधी तसं होतं.

"स्कूटर नेणार?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग जा."

एवढंच. सहा वर्षं मी हे विचारलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि कोणालातरी सांगायचं होतं, ताबडतोब. चपला घातल्या, स्कूटर काढली आणि सुटले. डिचोली मागे टाकून तुमच्या सुर्ल्याच्या फाट्याला वळले, तेव्हा आठवलं.

इंजिन बंद करून थोडा वेळ तिथेच थांबले. मग परत फिरले आणि क्लास उघडून हे लिहायला बसले.

रोहिदासबाब, मी जातेय.